बर्ग्यांना शिकवलेली मराठी

फाळणीला काही वर्षं झाली होती. मी बालीगंजमधल्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. घरात बाबा आणि मी, दोघंच. आई मी कॉलेजात असतानाच गेली. आजोबा नोकरीच्या निमित्तानं कलकत्त्याला आले ते इथलेच झाले. बाबांचा जन्म इथला, माझाही. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि उरलेला सगळा वेळ मराठी मंडळाला देत होते. मंडळाचे ते सेक्रेटरी. गणपतीत मुलांची नाटुकली बसवायची, त्यांना 'ळ' नीट म्हणायला शिकवायचं, कुणाची बदली होऊन नवं कुटुंब आलं की त्यांना घर शोधून द्यायचं, हे सगळं त्यांच्याकडे होतं.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचे लांबचे भाऊ सिनेमाचे दिग्दर्शक होते. एका रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. बारीक अंगाचे, मऊ बोलणारे गृहस्थ. बंगालच्या म्हाताऱ्या नवाबावर आणि त्याच्या बेगमेवर ते एक मोठा चित्रपट काढत होते. अर्धी गोष्ट दरबारातली, आणि मधला भाग मराठ्यांशी झालेल्या लढायांचा.

"मराठ्यांशिवाय नवाबाची गोष्ट पुरी होत नाही," ते बाबांना म्हणाले. "आणि आमच्यात कुणाला मराठे माहीत नाहीत. ते काय नेसायचे, कसे बोलायचे, काही नाही. तुमच्या मुलीनं थोडी मदत केली तर."

बाबा बंगाली धोतर आणि पंजाबी, म्हणजे इथला सैल कुडता, घालून बसले होते. त्यांनी स्वतःकडे एकदा पाहिलं आणि हसले. "मदत करेल ती. पण आमची माणसं नीट दाखवा एवढंच."

'नीट' या शब्दाचा अर्थ त्या खोलीतल्या तिघांच्या मनात तीन तऱ्हांचा होता, हे मला पुढे कळलं.

मराठी वाचकांना इथे थोडं सांगायला हवं. दोनशे वर्षांपूर्वी नागपूरकरांच्या फौजा चौथाई मागायला बंगालवर आल्या आणि वर्षानुवर्षं येत राहिल्या. त्या घोडेस्वारांना इथे बर्गी म्हणतात. शब्द आपलाच, बारगीर. सरकारी घोड्यावर बसणारा शिपाई. बंगालीत मात्र त्याचा अर्थ लुटारू झाला. अजूनही इथल्या आया मुलं झोपेनात की बर्गी येतील म्हणून धाक घालतात. शाळेत माझ्या मैत्रिणी मला थट्टेनं बर्गी म्हणत आणि मी हसून सोडून देत असे. बाबांना ही थट्टा कधीच सोसली नाही.

शाळा सुटली की मी ट्रामनं टॉलीगंजच्या स्टुडिओत जाऊ लागले. पहिले काही दिवस मजेत गेले. त्यांनी मराठे स्वारांना पुणेरी पगड्या आणल्या होत्या, कुठल्या तरी चित्रात पाहून. मी म्हटलं, लढाईवरच्या शिपायाला मुंडासं द्या, आणि गुडघ्यापर्यंत चोळणा. सरदाराच्या डेऱ्यात काचेचा कंदील टांगला होता तो मी काढायला लावला. घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले, उंच आणि चकचकीत होते. दख्खनी तट्टू ठेंगणं असतं, आठवडाभर उपाशीतापाशी चालणारं, असं मी सांगितलं तेव्हा दिग्दर्शक मान हलवत म्हणाले, "दिदिमणी, तुमचं बरोबर आहे. पण ठेंगण्या तट्टावरचा माणूस पडद्यावर बघून कोण घाबरेल?" इथे शाळेतल्या बाईंना दिदिमणी म्हणतात. घोडे तेच राहिले. मला त्याचं काही वाटलं नाही.

स्वार होते ते सगळे बिहारी, घोड्यांच्या पागेत काम करणारे. त्यांना मी मराठी शिकवली. "घेरा रे घेरा", "पेटवा", "कुणाला सोडू नका". ते माझ्यामागून मोठ्यानं म्हणत आणि 'सोडू'चं 'सोरू' होई. मी पुन्हा म्हणून घेई. घरी येऊन बाबांना त्याची नक्कल करून दाखवली तेव्हा ते खूप दिवसांनी मोकळेपणानं हसले.

मग मला पूर्ण संहिता वाचायला मिळाली. तिच्यात दोन प्रसंग होते ज्यांनी माझी झोप उडवली.

पहिला, बर्गी एक गाव जाळतात तो. धान्याच्या कणग्या पेटवतात, बायकांना ओढून नेतात, लपवलेलं सोनंनाणं कुठे आहे ते सांगितलं नाही म्हणून माणसांचे हात तोडतात. तो प्रसंग कुणी मनानं रचलेला नव्हता. त्या काळात बंगालमध्ये राहिलेल्या माणसांनी हे लिहून ठेवलेलं आहे आणि मी ते एम.ए.ला असताना वाचलं होतं.

दुसरा प्रसंग तंबूतला. नवाब मराठ्यांच्या सेनापतीला तहाच्या बोलण्यासाठी बोलावतो. संहितेत असं होतं की सेनापती आत येतो, बोलता बोलता तलवार उपसतो, आणि नवाबाची माणसं नवाबाला वाचवण्यासाठी त्याला मारतात. हे खोटं होतं. जिवाला धक्का लागणार नाही अशी शपथ देऊन त्याला बोलावलं होतं आणि आत आल्यावर सोबतच्या सरदारांसकट कापून काढलं होतं.

मी दिग्दर्शकांकडे गेले. ते कॅन्टीनच्या बाहेर बाकावर चहा पीत बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मीही वाचलंय."

"मग?"

"दिदिमणी, दंगलीच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

मी सांगितलं, घरातच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी काय पडलेलं होतं ते मी खिडकीतून पाहिलं होतं आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती खिडकी उघडली नव्हती.

"मी भवानीपूरला होतो," ते म्हणाले. "माझ्या मेकअपमनला माझ्या घरात माळ्यावर ठेवलं होतं. तो मुसलमान. आज या शहरात मी मुसलमान नवाब शपथ मोडताना दाखवला तर थिएटरातून बाहेर पडणारी माणसं काय बोलत बाहेर पडतील? मला ते नको आहे. एक मेलेला सेनापती माझ्यावर रागावला तर चालेल."

हा माणूस भित्रा नव्हता आणि लबाडही नव्हता. "मग गावाचा प्रसंगही काढा," मी शेवटी म्हटलं. "एकाचं झाकायचं आणि दुसऱ्याचं दाखवायचं, याला इतिहास म्हणत नाहीत."

"गाव काढलं तर लोक नवाबावर प्रेम का करतील?" ते म्हणाले. त्यांनी ते अगदी साधेपणानं विचारलं होतं.

त्याच आठवड्यात मंडळात बातमी पोचली. रविवारी बाबा मंडळातून आले ते चपला न काढताच खुर्चीवर बसले.

"गाव जाळतात म्हणे आपले लोक, तुझ्या सिनेमात?"

"हो."

"सगळे विचारत होते. तुझ्या हाताखाली हे होतंय का, म्हणून. ते पेंढारी होते, आपली फौज नव्हती, असं सांग तुझ्या दिग्दर्शकांना."

"बाबा, पेंढारी नव्हते ते. तुम्हालाही माहीत आहे."

त्यांनी वाकून चपला काढल्या. मग म्हणाले, "माहीत आहे. पण मी जन्मभर या लोकांत राहिलो, पोरी. कचेरीत साहेबानं मला बढती दिली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, बर्गी आला, चौथ घेऊन गेला. सगळे हसले. मी पण हसलो. आता ते पडद्यावर दिसणार, रोज, तीन तीन खेळ. बदली होऊन आलेल्यांची पोरं शाळेत जातात इथे. त्यांना काय ऐकावं लागेल?"

"आणि झालंच नाही असं सांगायचं?"

"तू बंगाल्यांना इतिहास शिकवू नकोस, एवढंच म्हणतोय मी."

"मी रोज तेच करते, बाबा. पगार मिळतो त्याचा."

ते उठून आत गेले. त्या दिवसानंतर आम्ही जेवायला एकत्र बसत होतो, वर्तमानपत्राची पानं वाटून घेत होतो, पण सिनेमाचं नाव काढत नव्हतो. मी काम सोडून द्यावं असं मला रोज वाटे. सोडलं तर तंबूतला प्रसंग आहे तसाच राहील, या एका विचारानं मी जात राहिले.

गावाचं चित्रीकरण गरियाच्या पलीकडे एका उघड्या शेतात होतं. बांबूच्या झोपड्या उभ्या केल्या होत्या, वर वाळलेलं गवत. गावकरी म्हणून जी माणसं आणली होती ती जादवपूरच्या बाजूच्या निर्वासितांच्या वसाहतीतली. पूर्व बंगालमधून आलेली. दिवसाच्या कामाला तयार असलेली माणसं तिथे पुष्कळ होती आणि पळण्याचं काम कुणालाही करता येईल असं व्यवस्थापकाला वाटलं असणार.

त्यांच्यात एक बाई होती, माझ्याहून थोडी मोठी. कपाळ रुंद, केस मागे घट्ट बांधलेले. वेषभूषेच्या पोरीनं तिला पदराची गाठ वेगळी बांधायला सांगितली होती आणि ती मला विचारायला आली, कारण माझ्या हातात कागद होते.

"दिदी, आम्ही कुठून कुठे पळायचं?"

मी बोट दाखवलं. झोपड्यांकडून तळ्याच्या बाजूला.

"आणि घोडे?"

"मागून येतील. अंगावर येणार नाहीत. त्यांना सांगितलेलं आहे."

तिनं मान डोलावली. तिच्याबरोबर सातआठ वर्षांची मुलगी होती, तिला तिनं तळ्याकाठी एका झाडाखाली बसवून ठेवलं होतं. "तिला त्यात घेऊ नका म्हणून सांगा," ती म्हणाली. मी सांगितलं.

कॅमेरा सुरू झाला, झोपड्या पेटवल्या, आणि घोडे सुटले. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते. त्या क्षणापर्यंत मी ती वाक्यं नेहमी पागेच्या ओट्यावर, हसत चुकत ऐकली होती. आता ती धुरातून आली. "घेरा रे घेरा! पेटवा! कुणाला सोडू नका!" उच्चार अगदी स्वच्छ होते. लहानपणी अंगणात खेळताना आई मला हाका मारायची ती भाषा, बाबा शुभंकरोती म्हणून घ्यायचे ती भाषा, उंच घोड्यांवरून अशी येत होती.

गावकरी पळाले. ती बाई पळाली नाही. ती चार पावलं गेली, वळली, घोड्यांकडे पाहिलं आणि होती तिथेच खाली बसली. दोन्ही हात मांडीवर. ओरडली नाही, रडली नाही. पुढच्या स्वारानं लगाम ओढला, घोडा बुजून मागच्या पायांवर उभा राहिला आणि बाजूला पडला. पडताना त्याचा खूर तिच्या कोपराला लागला.

सगळे धावले. मी पोचले तेव्हा ती तशीच बसून होती आणि तिचा उजवा हात वेडावाकडा लोंबत होता. मी तिच्या पाठीला आधार दिला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे लोक काय बोलत होते? कुठली भाषा ती?"

"मराठी," मी म्हटलं. आणि मग, न सांगितलं असतं तर चाललं असतं तरी, "माझी भाषा आहे."

"मग त्यांना सांग ना," ती म्हणाली, "थांबायला सांग."

स्वार केव्हाच थांबले होते. एकजण घोड्याला पाणी दाखवत होता. दुसरा घाबरून हात जोडून उभा होता. पण ती माझा दंड धरून तेच म्हणत राहिली, आणि मी अखेर त्या लोकांकडे तोंड करून मराठीत म्हटलं, "थांबा. आता थांबा." ते गोंधळून एकमेकांकडे बघत राहिले. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. तिचा हात सैल झाला.

तिला मोटारीतून इस्पितळात नेलं. मुलगी वाटभर माझ्याजवळ बसून होती.

कॅमेरा चालूच राहिला होता. दिग्दर्शकांनी ते दृश्य पाहिलं आणि मला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "हे मी कापू शकत नाही," ते म्हणाले. "सगळ्या चित्रपटात एवढंच खरं आहे."

"तिला विचारा मग."

ते स्वतः इस्पितळात गेले. परत येऊन म्हणाले, ती म्हणाली ठेवा, मला काय त्याचं. मला त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागला.

त्या वेळी मी पहिल्यांदा काही मागितलं. "तिचं खरं ठेवताय तर तंबूतलं खोटं दाखवू नका. सेनापती आधी तलवार उपसत नाही. बाकी काय करायचं ते करा."

त्यांनी विचाराला वेळ घेतला. शेवटी जे केलं ते असं: सेनापती आपली शस्त्रं बाहेर देऊन तंबूत शिरतो, पडदा पडतो, आणि कॅमेरा बाहेरच राहतो. आतून काही ऐकू येत नाही. पुढच्या दृश्यात तो मेल्याची खबर दरबारात पोचलेली असते. शपथ नाही, दगा नाही, स्वसंरक्षणही नाही. नवाब वाचला, आणि खोटंही कुणी बोललं नाही. मला मात्र कुणीतरी अर्धं वाक्य बोलून तोंड मिटल्यासारखं वाटलं. त्याहून पुढे मला त्यांना नेता आलं नाही.

इकडे मंडळानं बैठक बोलावली. मी गेले नव्हते. बाबांनी घरी चकार शब्द काढला नाही. जे कळलं ते आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, बँकेत काम करणाऱ्या काकांकडून. कुणीतरी म्हणालं की सेक्रेटरींच्या घरातूनच समाजाची बदनामी होते आहे, त्यांनी मुलीचं नाव चित्रपटातून काढायला लावावं. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "बदनामी तेव्हाच झाली, जेव्हा ते केलं. माझी मुलगी ते फक्त वाचून दाखवतेय. मला तिचं पटत नाही. पण ती खोटं बोलत नाही." आणि सेक्रेटरीपद सोडून घरी आले.

त्या वर्षीचा गणपती बाबांशिवाय झाला. मुलांची नाटुकली दुसऱ्या कुणीतरी बसवली. संध्याकाळी ते गॅलरीत उभे राहत आणि मंडळाच्या दिशेनं जाणारी कुटुंबं बघत. मी एकदा म्हटलं, "बाबा, मी जाऊन बोलू का त्यांच्याशी?" ते म्हणाले, "नको. तू तुझ्या वह्या तपास."

चित्रपट लागला तेव्हा मी त्यांना बोलावलं नव्हतं. तेच म्हणाले, जाऊ या. भवानीपूरच्या थिएटरात आम्ही बाल्कनीत बसलो. बर्गी पडद्यावर आले तशी खालच्या बाकांवरून शिट्ट्या झाल्या, शिव्या झाल्या. बाबा ताठ बसून राहिले. मग धुरातून ती बाई दिसली, चालता चालता वळलेली आणि खाली बसलेली. थिएटर गप्प झालं. माझ्या शेजारची एक म्हातारी तोंडाला पदर लावून हुंदके देऊ लागली. तिच्यासाठी तिथे बर्गी नव्हते आणि नवाबही नव्हता, हे मला दिसत होतं. ती काय बघत होती ते मी तिला विचारलं नाही.

पायऱ्या उतरताना बाबांनी विचारलं, "ती कोण? नटी नाही ना?"

मी घरी पोचेपर्यंत त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला भेटायला हवं."

तिचा हात मोडला तेव्हा मी इस्पितळात जाऊन आले होते. त्यानंतर शाळेच्या परीक्षांत जाणं झालं नव्हतं. आम्ही एका सुटीच्या सकाळी जादवपूरला गेलो. वसाहतीत विचारत विचारत तिचं घर सापडलं, चटईच्या भिंतींचं. तिचा हात जोडला गेला होता, पण कोपरातून पुरता सरळ होत नव्हता. तिनं आम्हाला पाट दिले, वाटीत कुरमुरे आणि खोबरं दिलं. बाबा अवघडून बसले होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, ते वाटभर जुळवत आले होते हे मला कळत होतं. त्यांनी सुरुवात केली, "तुम्हाला आमच्यामुळे..." आणि तिथेच थांबले. दोनशे वर्षांपूर्वीच्या स्वारांचं की घोड्याच्या खुराचं, कशाचं बोलायचं ते त्यांनाच ठरवता आलं नाही.

तिनं त्यांना अडचणीतून सोडवलं. "दिदी, एक विचारू? त्या दिवशी मी पळाले नाही. त्यांचं काम फुकट गेलं का?"

दिग्दर्शकांनी तिला काही विचारलंच नव्हतं, हे मला तिथे कळलं.

"नाही," मी म्हटलं. "ते ठेवलंय त्यांनी. सगळ्यांना आवडलं."

"मला वाटलं, माझ्यावर रागावले असतील. त्यानंतर या घरातल्या कुणालाच बोलावलं नाही." तिनं माझी वाटी पुढे सरकवली. "मग पुन्हा बोलावतील? आता मी पळेन. नीट पळेन. तू सांगशील त्यांना?"

बाबांनी वाटी खाली ठेवली. "सांगेन," मी म्हटलं, आणि त्याच आठवड्यात जाऊन दिग्दर्शकांना सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं, तिच्यासाठी काही करता येईल का बघतो म्हणाले. त्यांचा पुढचा चित्रपट एका वकिलाच्या घरातल्या भांडणाचा होता. सगळं चित्रीकरण स्टुडिओतल्या दिवाणखान्यात झालं, आणि त्यात पळणारी माणसं लागली नाहीत.